मायची निगेटिव्ह

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात आमच्या भांड्यांच्या दुकानात होते. लग्नसराईचे दिवस. एका गिऱ्हाइकाला पितळेचा गुंड दाखवत होते. तो म्हणत होता बूड पातळ आहे, मी म्हणत होते वाजवून तर बघा... तेवढ्यात भाच्याचा फोन. "आत्या, बाबा गेले." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि गुंड विकला. हो, विकला. आमचे हे गल्ल्यावरून बघतच राहिले. दुपारच्या एसटीने माहेरी अड्याळला पोचले, तर अंगणातल्या बायकांनी मला बघून नव्याने गळा काढला. माझ्या डोळ्यांतून टिपूस निघेना. एक म्हातारी मागून बोललीच, "एकुलती एक बहीण, अन् उभी कशी हाय पाहा, खांबावानी." तिला काय माहीत! आठवडाभर आधीच मी त्या माणसाच्या तोंडावर सांगून आले होते की तुझ्या दारात आता पाय ठेवणार नाही. आणि त्याने ठेवायला लावलाच. आता भाचा म्हणतो, आत्या, पेपरच्या पुरवणीत लिही बाबांवर, गावातला पहिला फोटोवाला, किती प्रयोगशील होते. लिहिते. पण होता तसा लिहीन. गोड लिहायला दुसरं कोणी शोधा.

आमच्या घरी हातमाग. वडील गेल्यावर भाऊने मागावर बसायचं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भाऊने माग विकला आणि बाजाराच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ टाकला. स्टुडिओ म्हणजे पुढे एक खोली, मागे डार्करूम, म्हणजे आमचीच जुनी कोठी, खिडकीला गोणपाट ठोकलेलं. फोटो काढण्यात त्याचं मन कमी, उचापतींत जास्त. पळसाच्या पानावर निगेटिव्ह ठेवून पान उन्हात वाळत घालायचा. दोनचार दिवसांनी पानावर माणसाचा चेहरा उमटायचा, खरंच उमटायचा. शाळेच्या गुरुजींचा असाच काढला आणि शेळीने तो खाल्ला. फोटो मोठा करायच्या यंत्राच्या बल्बखाली कोंबडीची अंडी ठेवली, पिल्लं निघतील म्हणून. अंडी उकडून निघाली, ती त्याने मीठ लावून खाल्ली. मे महिन्यात काळ्या रंगाच्या पेटीत उन्हावर भात शिजवला आणि कचवट भात पोराबाळांना खाऊ घालून कोणाचं पोट दुखतं ते बघत बसला. गाव हसायचं. आम्हीही हसायचो, लपवून काय करू. हाताला गुण होता, डोकं चालायचं. पण एखादी वस्तू आहे तशी राहू दे म्हटलं तर त्याच्या जिवावर यायचं.

वस्तूंवर भागलं नाही, तेव्हा माणसांवर आला. वहिनी नवीन असताना एका सकाळी तो बाहेरून धावत आला आणि तिला म्हणाला, तुझा बाप शहापूरला मोटारसायकलवरून पडला, बरा नाही. का, तर घाबरलेलं माणूस घरातून निघताना आधी काय उचलतं ते त्याला पाहायचं होतं! वहिनीने काहीच उचललं नाही. हातात भाताचा डाव होता, तो घेऊनच स्टँडपर्यंत धावत गेली, एका पायात चप्पल. हा मागून हसत गेला आणि चारचौघांत तिला सांगितलं, काही झालं नाही, घरी चल. वहिनी आली, चुलीवरचा करपलेला भात उपसला आणि कामाला लागली. मी तिला म्हटलं होतं, डाव हातात होता ना, मग घालायचा ना टाळक्यात. ती म्हणाली, "बाई, त्यानं तेही पाहून घेतलं असतं." त्यानंतर तिचे वडील खरोखर वारले, तेव्हा निरोप घेऊन भाऊच गेला तर तिने विश्वास ठेवला नाही. शेजारच्या बाईला खात्री करायला लावली आणि मग रडायला बसली.

तो अजून एक काम करायचा, आणि ते काम मात्र पंचक्रोशीत त्याच्यासारखं कोणी करत नव्हतं. आमच्याकडे कितीतरी माणसांचा जन्मात एकही फोटो निघालेला नसायचा. मग माणूस मेलं की तिरडी उचलण्याआधी फोटोवाल्याला बोलावणं. भाऊ कॅमेरा घेऊन जायचा, मढ्याच्या हनुवटीखाली फडकं सरकवायचा, रडणाऱ्यांना म्हणायचा, जरा बाजूला व्हा, सावली पडून राहिली. मग फोटो मोठा करून त्यावर बारीक कुंचल्याने डोळे काढायचा, उघडे. तेरवीला हार घालायला तोच फोटो. गावात त्याला म्हणायचे डोळे उघडणं. बापाचा फोटो असला की मुलाला खिडकीजवळ बसवायचा आणि मुलाचे डोळे बापाला द्यायचा. लोक खूश. म्हणायचे, वा, जसाच्या तसा पाहून राहिला म्हातारा! मुलाला मात्र आपलेच डोळे भिंतीवरून आपल्याकडे बघताना कसं वाटत असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. माझ्यावर पाळी आली तेव्हा कळलं.

आमची माय गेली ती जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या सुमारास. मायचा एकच फोटो होता, तरुणपणी जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला. त्याला केव्हाच वाळवी लागली होती, पण त्याची निगेटिव्ह भाऊने जपून ठेवली होती. तिच्यावर बुरशीचे डाग पडले होते, पण चेहरा शाबूत होता. मी हात जोडून सांगितलं, भाऊ, डागासकट छाप. डाग असू दे, माझी माय मला डागासकट पाहिजे. तो म्हणाला, तुले काही समजत नाही, थांब. त्याचा बेत असा की एका पाण्यात चित्र फिकं करायचं, डाग काढायचे आणि दुसऱ्या पाण्यात चित्र परत उठवायचं. फोटो धुवायच्या थाळ्या रोज वहिनी घासायची. हा कधीच घासत नव्हता. त्या दिवशी वहिनी तेरवीच्या तयारीत गुंतलेली, आणि याने आदल्या कामाची थाळी तशीच घेतली. तिच्या तळाला हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं औषध, राहिला होता. फिकं झालेलं चित्र हायपो कायमचं धुऊन नेतो, मागे काही ठेवत नाही. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी एवढंच माहीत होतं की भाऊ कोठीतून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, माय थोडी आत गेली.

मग तेरवीला काय? तिरडीवरचा फोटो त्याने काढलेलाच होता. मला खिडकीजवळ बसवलं. मी उठून जात होते, तर मामा म्हणाले, बस बाई, पाहुणे येतील, फोटो पाहिजे. बसले. त्याने माझे डोळे मायला दिले. माझ्या मायचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक होता. हसली की मिटूनच जायचा. याने दोन्ही सारखे काढले, टपोरे, माझ्यासारखे. लोक म्हणाले, अगदी माय! मी त्या फोटोला हार घातला नाही. आजही अड्याळच्या घरी तो भिंतीवर आहे, आणि मी त्याच्या खाली पाठ करून बसते.

माहेर तोडायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. निघताना भाऊ स्टँडवर आला आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली. म्हणाला, शकू, तुमच्या दुकानात पितळ काळं पडते ना, त्याचं पितळपण जाते का? चिंच लावली की निघते ना? तसंच हाय. माय आत हाय, झोपली हाय. मी काढतो तिले, एखाद्या वर्षाचं काम. पितळेचं उदाहरण दिल्यावर मी का विश्वास ठेवणार नाही? दिवाळीत भाऊबीजेला गेले. त्याने त्या वर्षी चिंच लावली होती. म्हणाला, कपाळ उठल्यासारखं वाटून राहिलं. पुढच्या वर्षी पळसाच्या फुलांचं पाणी. मग मोरचूद, मग उकळलेला चहा, मग काय काय. दरवेळी मला लाल दिव्याखाली उभी करायचा, निगेटिव्ह चिमट्यात धरून समोर न्यायचा आणि विचारायचा, दिसते का? मला कधी कानाची पाळी दिसायची, कधी पदराचा काठ. देवाशपथ, दिसायचा. मी घरी येऊन यांना सांगायची, यंदा काठ निघाला. मुलांच्या परीक्षा असोत, माझं गुडघ्याचं ऑपरेशन असो, मी गेले. मोबाईल आले, स्टुडिओ बसला, पुढच्या खोलीत भाच्याने झेरॉक्सचं मशीन टाकलं, पण मागची कोठी भाऊने सोडली नाही, आणि मी माझी दिवाळी सोडली नाही. मला फक्त मायचा बारीक डोळा पाहायचा होता. दुसरं काही मागितलं नव्हतं मी त्या घराकडून... साडीसुद्धा नाही.

या वर्षी त्याचा दमा विकोपाला गेला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं राहिली नाहीत. मी भेटायला गेले, तर अंगणात खाटेवर उशा लावून बसला होता. बोलताना शिट्टी वाजायची. मी नेहमीचंच विचारलं, काही निघालं का.

"त्यात काही नाही, शकू," तो म्हणाला. "पह्यल्याच दिवशी धुवून गेली माय. पाण्यासारखी साफ."

मला वाटलं दुखण्यात बरळतोय. म्हटलं, मग चिंच? पळस? इतकी वर्षं कायले उभी केली मले त्या कोठीत?

"माय गेली की बहीण येणं सोडते म्हणतात," तो म्हणाला. "ते पाहून राहिलो होतो. आशेवर माणूस किती वर्षं येते ते."

आणि हसला. खोकल्यातून हसला. त्याचे डोळे भरले होते की खोकल्याने पाणी आलं होतं, मला माहीत नाही, आणि मला ते ठरवायचंही नाही. लोक म्हणतील प्रेम होतं. असेल. डाव हातात घेऊन धावणाऱ्या वहिनीवरही प्रेमच होतं म्हणा मग! मी विचारलं, मग आज कशाला सांगितलं, मरेपर्यंत चालू द्यायचं होतं. तर म्हणाला, अर्धवट टाकून कसा जाऊ. म्हणजे मी येत राहिले ते त्याचं उत्तर निघालं, आणि उत्तर मला सांगितल्याशिवाय त्याला मरवेना! मी म्हटलं, झालं ना पाहून? आता नाही येत. वहिनीने केलेला चहा तसाच ठेवून मी निघाले. तो हाक मारत होता, दम लागून हाक अर्धीच येत होती. मी वळून पाहिलं नाही. आज ती वेळ परत आली तरी वळणार नाही.

तेरवी झाली. भाच्याने मोबाईलमधला हसरा फोटो मोठा करून आणला होता, रंगीत, स्वतःच्या डोळ्यांचा. पाहुणे पांगल्यावर मी वहिनीला म्हटलं, कोठी उघड. आत हायपोचा तोच आंबट वास, तोच लाल बल्ब, दोरीला चिमटे तसेच. वहिनीने फळीवरून काळ्या कागदाची पुडी काढून दिली. मी ती घेऊन अंगणात आले आणि पहिल्यांदा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मायची निगेटिव्ह भर उन्हात डोळ्यांसमोर धरली. लाल दिव्याखेरीज त्याने मला ती कधी पाहूच दिली नव्हती. पलीकडचा पेरू दिसला, दोरीवरची धोतरं दिसली, भाचा खुर्च्या मोजून टेम्पोत चढवत होता तो दिसला. सगळं लख्ख. काठ नाही, कान नाही. मी उलटी करून धरली, तिरपी करून धरली. तेव्हा मी रडले. त्या म्हातारीच्या मनासारखी रडले, तोंडात पदर कोंबून.

वहिनी शेजारी उभी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ती तशी नाही, त्या घरात तशी राहिली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, द्या बाई, चुलीत टाकते. आता त्यात काय पाहाचं राह्यलं?

मी निगेटिव्ह त्याच काळ्या कागदात गुंडाळली. घड्या जिथल्या तिथे पडल्या.

"फळीवर ठेव," मी म्हटलं. "दिवाळीले आली की पाहीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चिडलेच. म्हटलं, ठेव म्हटलं ना, ठेव.