गाऱ्हाण्यात न घेतलेलं नाव

माझा भाऊ वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून आमच्या गावचे लोक म्हणतील, बघा, सख्ख्या भावाला कशी धुतेय. धुतेच आहे. इतकी वर्षं पोटात ठेवलं, आता पोटात जागा नाही.

आमचं गाव रोह्याहून कोलाडला जाताना आत वळलं की लागतं. भात, भातामागे वाल, आणि गणपतीत बाल्या नाच. मधे गाणारा बुवा आणि मृदुंगवाला बसतात, भोवती पुरुष रिंगण धरून नाचतात. घुंगरांचा चाळ एकाच पायात, उजव्या. तो पाय आपटला की सगळी आळी वाजते. असे नाच गावोगाव होते, पण आमच्या मंडळाचा तोरा वेगळा होता, आणि तो आमच्या बुवांमुळे होता.

बुवा म्हणजे दोन्ही बाजूंनी हट्टी माणूस. पहिले दोन नाच जुने, गणाचा आणि गवळणीचा. त्यात पाय जिथे पडायचा तिथेच पडला पाहिजे. कुणी हात जरा जास्त फिरवला की बुवा गाणं थांबवून त्याच्या बापजाद्यांची चौकशी करायचे. पण तिसरा नाच मात्र दर वर्षी नवा लागायचा. नुसतं जुनं नाचणारं मंडळ म्हणजे शिळा भात, असं ते तोंडावर सांगायचे. नवा नाच कोण बसवणार ते नागपंचमीला ठरायचं. गणपती यायच्या आदल्या दुपारी तो नाच पहिल्यांदा देवळात, ग्रामदेवतेसमोर व्हायचा. त्याआधी बुवा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायचे आणि त्यात बसवणाऱ्याचं नाव घ्यायचे. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. हा नाच अमक्याने बसवलाय, काय कमीजास्त झालं असेल तर पदरात घे. आमच्या गावात माणसाचं नाव देवासमोर इतकं मोठ्याने घेतलं जाण्याचा तो एकच प्रसंग. लग्नपत्रिकेत नाव येण्याची कुणाला एवढी हौस नव्हती.

बायकांनी रिंगणात पाय टाकायचा नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही बायका गौरीपुढे फेर धरायचो, तो वेगळा. पण तालीम आमच्याच अंगणात चालायची. कंपनीत कामाला जाणारे पहिली शिफ्ट सुटली की चार वाजता थेट यायचे. मी पडवीत वाल सोलत बसायचे आणि बघायचे. लहानपणापासून बघत होते. सगळे गेले की परसात जाऊन तेच पाय टाकायचे. आई बघायची आणि काही बोलायची नाही. बोलायची ती एवढंच, की बाप यायच्या आत आटप.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय त्या वर्षी नाच बसवायची पाळी दादावर आली. दादा नाचायचा झकास, पण स्वतःचं म्हणून काही सुचायचं नाही त्याला. आठ दिवस गेले, पंधरा गेले. बुवा रोज विचारायचे, दादा रोज म्हणायचा, होतंय होतंय. शेवटी एका दुपारी चूल सारवत होते तिथे येऊन बसला आणि म्हणाला, तुला काय सुचतं काय गो?

मला सुचलेलं होतं. दोन वर्षं डोक्यात होतं. लावणी करताना आम्ही बायका मागे मागे सरकतो ना, वाकून, रोप खोचत, तसं सगळं रिंगणच उलटं न्यायचं. तोपर्यंत कुठल्या मंडळाने रिंगण उलटं फिरवलेलं मी तरी बघितलं नव्हतं. मी दादाला म्हटलं, देते. पण देवळात गाऱ्हाण्यात बुवांनी माझं नाव घ्यायचं. तो म्हणाला, घेतील, मी सांगतो त्यांना. मी दोनदा विचारलं. दोनदा व्हय म्हणाला. एवढं एकच मागितलं होतं मी. साडी नाही, बांगडी नाही.

चार दुपारी परसात त्याला शिकवलं. मागे जायचं अवघड, म्हणून त्याला शेजारी उभं करून, माझ्या पायाला पाय लावून. पाठ झालं तसा तो तालमीला घेऊन गेला, आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. रिंगण मागे सरकलं, मृदुंगावर थाप पडली, सगळ्यांनी पाय आपटला, आणि आवाजच नाही. एकही चाळ वाजला नाही. पोरं खो खो हसायला लागली.

मी पडवीत बसून बघत होते. लगेच कळलं काय झालंय ते. मी सगळं आयुष्य हा नाच समोर बसून बघितलेला. समोरच्याचा उजवा पाय माझ्या डाव्या हाताला. बघून उचललं ते सगळं डाव्या पायावर. परसात चाळ कुठे होता मला, की चूक कळावी? रिंगणात उभं राहू दिलं असतं तर ही चूक झालीच नसती. नाचाच्या बाहेर बसवलेल्या माणसाचीच ती चूक होती.

दादा पाय आपटत आत आला. तू मला तोंडघशी पाडलंस, म्हणाला. मी म्हटलं, थांब, उजव्यावर करून देते, उद्यापर्यंत होईल. तेवढ्यात बाहेरून बुवांची हाक आली. त्यांनी नाच पुन्हा करायला लावला, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी म्हणाले, याला हात लावू नका. पाय असा मुका पडतो ना, तेव्हा माझ्या गाण्याचे शब्द ऐकू येतात. इतकी वर्षं गातोय, तुमच्या त्या चाळांपुढे कुणाला एक शब्द कळला नव्हता. मग त्यांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

दादा म्हणाला, माझ्या.

मी पाच हातांवर बसले होते. सोलायला घेतलेला वाल हातात होता, तो तसाच राहिला. वाटलं, लोकांसमोर लाजला असेल. देवळात सांगेल. किती भोळी होते मी, बघा.

देवळात बुवांनी नारळ उचलला आणि गाऱ्हाणं घातलं. दादाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं. मी बायकांच्यात आरतीचं तबक धरून उभी. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तबक हलू दिलं नाही. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणतो, बाईच्या पायावर नाचलो म्हणून पोरं हसली असती, मंडळ फुटलं असतं. आणि वर म्हणतो, नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना. घरातच आहे. हे वाक्य मला आजही कुठे ऐकू आलं की हातातलं भांडं फेकावंसं वाटतं. घरातच असतं तर तुझ्या नावाऐवजी माझं घातलं असतंस. आई तेव्हाही काही बोलली नाही. तिचाही राग आहे मला.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. सासर हमरापूरच्या बाजूला, गणपती रंगवणारं. तिथे मी सोवळ्याचे काठ रंगवायला शिकले. तिथे मूर्तीचे डोळे कुणी आखले ते गिऱ्हाईक विचारतं, आणि सासरे नाव सांगायचे, मग तो कारागीर असो, घरची सून असो. दर वेळी ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. सासऱ्यांना वाटायचं, सुनेला रंगाचा वास चढतो.

दादाचा नाच मात्र गाजत राहिला. मी दादाचाच म्हणते, जग म्हणतं तसा. एका वर्षी पेणला स्पर्धा होती. माहेरचं मंडळ इतकं जवळ आलंच आहे तर जाऊ या म्हणून नवऱ्याला घेऊन गेले. आमच्या मंडळाला ढाल मिळाली. परीक्षकबाई शहरातून आलेल्या, त्यांनी दादाला मंचावर बोलावून विचारलं, की हा मुका डावा पाय तुम्हाला सुचला कसा? दादाने माईक हातात घेतला. चिखलात पाय रुतला की आवाज येत नाही, म्हणाला. कष्टकरी माणसाच्या कष्टाला आवाज नसतो, म्हणाला. मी फार विचार केला, रात्र रात्र जागलो, म्हणाला. बाई डोळे पुसत होत्या. हॉल टाळ्या वाजवत होता. नवराही वाजवायला लागला, मी त्याचा हात धरून खाली ओढला.

माझं डोकं घेतलंस, ठीक आहे. माझी चूकसुद्धा घेतलीस? ती तरी माझी होती ना.

बुवा गेले. दादा बुवा झाला. तो नाच आता जुन्यात जमा झालाय, गण आणि गवळण यांच्या रांगेत. त्यात कुणी बोटभर बदल केला की दादा गाणं थांबवतो. आणि मागच्या श्रावणात त्याची मुलगी, माझी भाची, माझ्याकडे आली. रागाने लालबुंद. मुलींचं मंडळ काढलं होतं तिने. आता ठिकठिकाणी मुली नाचतात, कुणी अडवत नाही. तिला तोच नाच हवा होता, आणि बाप म्हणाला, तो पुरुषांचा नाच आहे, परंपरेतला, बायकांच्या अंगाला बसायचा नाही.

मी हसायला लागले ते थांबेचना. मग भाचीला ओट्यावर शेजारी उभं केलं आणि सगळा नाच करून दाखवला, गुडघे दुखत असताना. ती बघतच राहिली. म्हणाली, आते, हा तुला कसा येतो? तेव्हा सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

ती बापाशी चार दिवस भांडली. शेवटी दादा मुलींना नाचू द्यायला तयार झाला, आणि म्हणाला, मी देवळात सांगतो काय ते. भाचीचा फोन आला, आते, तू ये, बाबा तुझं नाव घेणार आहेत. मी नवं लुगडं काढलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

दुपारी देवळात सगळं गाव जमलं होतं. मुली रिंगण धरून उभ्या होत्या. दादाने नारळ हातात घेतला. गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला लोक व्हय महाराजा म्हणतात, तसं चाललं होतं. मग तो म्हणाला, ‘हा नाच बसवताना आमच्या घरच्या एका बाईमाणसाचाही हात लागला होता, तिची आज आठवण ठेवतो.’ लोक म्हणाले, व्हय महाराजा. माझ्या शेजारची बाई कानात पुटपुटली, केवढं मोठं मन हो तुमच्या भावाचं, कोण सांगतं असं आजकाल?

घरच्या एका बाईमाणसाचा हात. मी जिवंत उभी होते तिथे, दहा पावलांवर, आणि तो माझी आठवण ठेवत होता.

मी पुढे गेले. मुलींच्या रिंगणातून सरळ देवापर्यंत. माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, माहेरचं. हा नाच मी बसवलाय म्हणाले, एकटीने.

दादा हलक्या आवाजात म्हणाला, ‘देवासमोर भांडू नको गो.’

‘भांडत नाय. तुझं गाऱ्हाणं अर्धं होतं, ते पुरं करतेय.’

माझं वाक्य संपलं होतं. आता लोकांनी म्हणायचं होतं. पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. बायका खाली बघत होत्या. मी भाचीकडे बघितलं, तर ती बापाकडे बघत होती. मग माझं मीच म्हटलं, व्हय महाराजा.