उलट्या फोटोतली सुलटी पानं

काल नातीला ताप आला म्हणून हिने तिच्या कपाळावर ओडिकोलनची घडी ठेवली, आणि मी थेट आखातातल्या शुऐबाच्या प्लँटमधल्या कँटीनमध्ये जाऊन पोचलो. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. आमचा तुर्की फोरमन अहमत जेवणानंतर सगळ्यांच्या हातांवर तसंच वासाचं पाणी ओतायचा. त्या दुपारी त्याने आपल्या गावच्या जुन्या मशिदीचा फोटो स्वतःसमोर टेबलावर ठेवला. मी पलीकडे बसलेलो, त्यामुळे मला मशीद उलटी, खांबाशी उभे त्याचे वडीलही उलटे. फक्त खांबाच्या बुडाशी कोरलेली पानं झकास सुलटी!

"अरे अहमत, हा दगड उलटा बसवलाय!" मी ओरडलोच.

त्याने फोटो फिरवून पाहिला आणि ताडकन उठला. "हा तर चर्चच्या खांबाचा माथा! आमच्याकडे आधी बायझंटाइन चर्च होतं. ऑटोमन गवंड्यांनी तोच दगड पायाला घेतला. आणि मी जन्मभर त्याला टेकून बसतोय!"

त्याने मला मिठीच मारली. सगळं कँटीन फोटोभोवती गोळा झालं, जो तो मान वाकडी करून बघू लागला.

तेव्हा नुसते हसलो. काल वाटलं, त्या टेबलाभोवतीचे आम्ही सगळेच तसे होतो. घडलो एका गावात, आणि पेलत होतो भलतंच छप्पर.