दारूबंदीच्या बारा पाट्या

माझे आईवडील आयुष्यात एकदाच झिंगले, आणि तेही दारूबंदीच्या चळवळीमुळे.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. शेजारी गुजरातेत बंदी, आमच्या सिल्वासात मोकळीक. त्यामुळे तिकडची तहान आमच्याकडे भागायची. पत्रकं वाचून वाढलेल्या मला हे सोसवेना. सभा ठरवली, बारा पाट्या रंगवायला घेतल्या. रस्त्याची धूळ ओल्या ऑइलपेंटवर बसू नये म्हणून (केवढी ही दूरदृष्टी!) दारं-खिडक्या गच्च लावल्या आणि रंगात टर्पेंटाइन सढळ हाताने ओतलं.

"अरे, डोकं भणभणतंय. खिडकी उघड," आई म्हणाली.

"आई, चळवळीत थोडं सोसावं लागतं!"

आमचे अण्णा रत्नागिरीहून इथल्या शाळेत आलेले मास्तर. त्यांना नोकरीत कायम करण्याची शिफारस हेडमास्तर देणार होते, आणि सभेचे अध्यक्षही तेच. चार वाजता ते घरी यायचे होते. अण्णा सकाळपासून पाट्यांवर वाकून शुद्धलेखन तपासत होते. दुपारी त्यांचे डोळे लाल झाले, जीभ जड झाली आणि ते विनाकारण हसू लागले! आईला मळमळायला लागलं. मी मात्र खंबीर होतो. फक्त भिंती हलत होत्या.

चारला हेडमास्तर दारात. अण्णा नमस्काराला उठले, झोकांडी गेली, आणि ओल्या पाटीवरच बसले. उठले तेव्हा धोतरावर 'दारू सोडा' उलटं उमटलेलं!

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"अहो, यांनी जन्मात ताकापलीकडे काही घेतलं नाही!" आई भिंत धरून म्हणाली.

"वहिनी, तुम्ही पण?"

गेली शिफारस! मी हेडमास्तरांना आत बसवलं, दार लावलं (धूळ!) आणि अण्णांच्या चारित्र्यावर अर्धा तास बोललो. शेवटी हेडमास्तरांनी कपाळ धरलं. "अरे भाई, मलाच गरगरतंय!"

तेवढ्यात पाट्या न्यायला शेजारचे कंपाउंडर आले. दार उघडताच नाक दाबून ओरडले, "आधी बाहेर निघा सगळे! रंगाचा वास डोक्यात गेलाय तुमच्या. मोकळ्या हवेत बसा!"

ओट्यावर दोन तांबे पाणी पिऊन हेडमास्तर अण्णांना म्हणाले, "शिफारस उद्याच लिहितो, मास्तर. फक्त मलाही चढली होती, हे शाळेत बोलू नका."

सभा झाली. लाल डोळ्यांनी, खांबाला धरून मी घणाघाती भाषण केलं. जवळच्या किलवणी गावचे एक आजोबा पुढे बसून माझ्याकडे टक लावून बघत होते. माझी छाती फुगली. भाषण संपताच ते जवळ आले, हळूच म्हणाले, "भाई, तुझं सगळं पटलं. आता एवढं सांग, तू पितोस ती कुठं मिळते?"