सुगराखाला सह्या मागते

पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात लग्न ठरलं की पत्रिका मागून छापतात, आधी सुगराखालाला निरोप जातो. दारोदार फिरून दावत सांगायची ती तिनेच. पदर नीट करून उंबऱ्यात उभी राहायची, घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारायची आणि मग दावत. समोरचा ‘इन्शाअल्ला’ म्हणाला की पुढचं दार. एका घरी दोनदा मात्र जायची नाही. दुसऱ्यांदा जाणं म्हणजे त्याच्या जबानीवर शक घेणं, असं तिचं म्हणणं.

तिचा एकुलता एक मुलगा फुजैल आखातात वेल्डर होता. कंपनी बुडाली, पगार थांबला आणि मालक पासपोर्ट दाबून बसला. फुजैलला साखरेचा आजार. फोनवर तो सांगायचा, “अम्मी, इन्शुलिन संपत आलंय. मला इथून काढा.” ऑफिसांचे उंबरे झिजवून झाले, तेव्हा तिची भाची रिदा तिला माझ्या दुकानात घेऊन आली. मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. आम्ही सरकारच्या नावाने एक अर्ज इंटरनेटवर टाकला: फुजैलला जिवंत घरी आणा. खाली लोकांनी सह्या करायच्या.

माझा असल्या सह्यांवर काडीचा विश्वास नाही, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, “कमलाकर, तुझा भरोसा तुझ्याकडं ठेव. मला फक्त सांग, लोकांनी काय दाबायचं.”

मग ती निघाली, दावत सांगायला निघावी तशीच. एकही दार चुकवलं नाही. लोकांनी तिला खुर्ची दिली, लिंक मागून घेतली, ‘इन्शाअल्ला, नक्की करतो’ म्हणाले. आणि तिची पाठ वळली की माझ्या दुकानात येऊन खरं बोलले. किराणावाला महमूद म्हणाला, “ओटीपी मागतं यार. दाबलं की खातं साफ व्हायचं.” खारघरच्या कॉलेजात शिकवणारी जास्मीन म्हणाली, “रस्त्यासाठी केल्या होत्या ना सह्या? काय झालं? खड्डे आहेत तिथेच आहेत.” मी हो ला हो केलं. खोटं काय होतं त्यात?

आठवडा गेला. पानावर माझी सही, रिदाची सही आणि कुठल्या तरी अनोळखी चार माणसांच्या. मी म्हटलं, “खाला, कुणी केलेली नाही. परत एकदा फिरा.”

ती रागावली. “लोकांनी जबान दिलीय. करतील सवडीनं. मी परत जाऊन त्यांना खोटं पाडू?”

अहो, लग्नाला इन्शाअल्ला म्हणणारा येतोच. तिथे बिर्याणी असते! पण हे तिला कोण सांगणार? ती वाट बघत राहिली. आणि तिकडे एका खोलीत, दवाखान्यात न पोचताच, फुजैल गेला.

जो पासपोर्ट जिवंत माणसाला मिळाला नाही, तो पेटीबरोबर आला. जनाज्याला सगळा मोहल्ला लोटला. महमूदने दुकान बंद ठेवलं, खांदा दिला, लहान मुलासारखा रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

दफनानंतर दोन दिवसांनी अर्ज काढून टाकावा म्हणून मी फोन घेऊन खालाकडे गेलो. पान उघडलं. सह्यांवर सह्या पडत होत्या. फुजैलचा फोटो गावभर फिरला होता. महमूदची सही होती, जास्मीनची होती, ज्या ज्या दारात ती उभी राहिली त्या सगळ्यांच्या होत्या. आता कुणाला ओटीपीची भीती वाटली नव्हती.

“वाच,” ती म्हणाली.

मी नावं वाचत गेलो. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला मी, पण नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

बराच वेळ ऐकून तिने माझ्या हातावर हात ठेवला.

“बंद कर रे बाबा ते. एवढ्या लोकांनी सांगितलंय, सरकार आता ऐकेल. उद्या कुणी साहेब फोन करील, म्हणेल, आणतो तुमच्या मुलाला. त्याला मी काय सांगू?”