खिंडीखालचा थांबा

डोंगर मला दाखवले ते माझ्या यजमानांनी. सातपूरच्या एका कारखान्यात ते ओतकामाच्या खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं घोटीला उतरायचो आणि मिळेल त्या गाडीनं पायथ्याचं गाव गाठायचो. साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून मी चढायला शिकले. कारवीतून वाट कशी काढायची, सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर पाऊल आडवं कसं टाकायचं, ते सगळं त्यांनीच शिकवलं. ते नेहमी पुढे, मी मागे.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा त्यांना खोकला लागला. आधी क्षयाची औषधं झाली. गुण आला नाही. मग मुंबईच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, साच्यांच्या वाळूची धूळ फुप्फुसात बसली आहे, ती आता निघायची नाही. परतताना कसारा घाटात हे खिडकीबाहेर बघत राहिले.

"एकदा जाऊन येऊ," म्हणाले.

दिवाळीनंतर गेलो. पहिल्याच चढाला त्यांना धाप लागली. खिंडीच्या खाली ते दगडावर बसले, ओठ निळे पडलेले. गवताचा भारा घेऊन उतरणारी एक बाई थांबली.

"लय दम लागलाय. नका जाऊ वर."

ती गेल्यावर हे मला म्हणाले, "तू जाऊन ये. माथ्यावरच्या दगडी टाक्यात पाणी आहे का बघ."

"तुम्हाला इथं सोडून?"

"जा म्हणतो ना."

कातळात खोदलेल्या पायऱ्या मी भिंतीला हात लावत एकटीनं चढले. वर टाकं काठोकाठ भरलेलं होतं. हवा स्वच्छ होती, सगळी रांग दूरपर्यंत दिसत होती. मला बघवेना. खालून खोकला ऐकू येत होता. तशीच उतरले.

"पाणी आहे," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. परत येताना एसटीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोप लागलेली नव्हती.

उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या जागी आमच्याच गल्लीतला एक तरुण लागला. मी त्याच्या बायकोला गाठलं, म्हटलं, दुसरं काही काम बघायला सांग त्याला.

"दुसरं आहे कुठं, ताई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन पहिल्या पाळीला निघून गेला.