दुसरा हात

आज वॉर्डातल्या नर्सने माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, डाव्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, बसला, पण मशीनवर आकडा काही येईना. नर्सने मशीनला चापट मारली. सुमनने उजवा हात पुढे केला. "सिस्टर, ह्या हाताला घ्या. इकडे येतं," ती म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

तीन वर्षं हेच चाललंय. बायकांची नाडी डाव्या हाताची बघतात म्हणून गावच्या वैद्यांनीही आधी तोच हात धरला होता. नाडी लागेना, तेव्हा "अशक्तपणा आहे" म्हणाले. बारीक ताप, धुणं पिळताना भरून येणारा हात, सगळं त्या एका शब्दात बसलं. आईसाठी घेतलेल्या मशीनवर मीसुद्धा कितीदा म्हटलं, "सेल संपले वाटतं. दुसरा हात दे गं."

परवा एका डॉक्टरीणबाईंनी तिची दोन्ही मनगटं एकदम धरली आणि दोन्हींकडची नाडी ताडून पाहिली. मग म्हणाल्या, "रक्तवाहिन्यांना सूज आहे. डावी जवळजवळ बंद झालीय. इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

आलं होतं की! प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं. जे उत्तर देत नाही ते सोडून जे देतं तिकडे वळायची केवढी घाई असते आपल्याला.

आता खाटेशी बसून मी तिचं डावं मनगट धरलंय.

"ताई, तो नको. हा धर ना."

मी सोडत नाही. बोटं दाबून, सरकवून बघते. काहीच लागत नाही.