डोंगराचा पाय खणला तेव्हा

आमचं गाव जैनथच्या बाजूचं, सगळी काळी रेगडी. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगायची. दरवर्षी घराची भिंत तडकायची, दरवर्षी बाबा ती लिंपायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबलेला माणूस. त्यांना एकच ध्यास होता, राहायचं तर दगडावर.

म्हणून माझी उटनूरकडच्या शाळेत बदली झाली आणि डोंगराला खेटून भाड्याचं घर मिळालं, तेव्हा बाबा एवढे खूश झाले की मला नोकरी लागली तेव्हाही तेवढे झाले नव्हते. घरमालकीण एक गोंड म्हातारी, समोरच राहायची. घरामागे काळ्या दगडाचा कडा आणि त्याच्या बुडाशी हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा. आल्या आल्या बाबांनी कुदळ उचलली. मागे सपाट अंगण पाहिजे, छपरी पाहिजे, दुपारी पडायला तिथं बाज पाहिजे. तांबडी माती लोण्यासारखी निघायची, त्याचंही कौतुक. म्हातारीनं हटकलं, डोंगराचा पाय खणू नका म्हणाली. बाबांनी हसून सोडून दिलं. रेगडीतल्या माणसाला दगडाची भीती कशी वाटणार?

आणि मी? मी विज्ञानाची मास्तरीण! फळ्यावर चित्र काढून शिकवायची की आपल्याकडचे डोंगर लाव्ह्याचे, थरावर थर साचून झालेले. एक थर आल्यावर दुसरा यायला फार काळ जातो, तेवढ्यात पहिल्याचा वरचा भाग कुजून तांबडी माती होते, मग तिच्यावर नवा दगड बसतो. त्या दगडाला उभ्या चिरा असतात. पाणी चिरांतून खाली उतरतं, तांबड्या मातीवर अडतं, ती भिजून निसरडी होते आणि पायथ्याचा आधार गेलेला असला की वरचा दगड घसरतो. पोरांकडून हे घोकून घेतलं, आणि घरी येऊन त्याच तांबड्या पट्ट्यासमोर चहा प्यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या पावसाळ्यात आठवडाभर झड लागली. शाळेला सुट्टी होती. दुपारी भांडी घासायला मागे गेले तर कड्याच्या बुडातून पाणी पाझरत होतं. ते नेहमीच पाझरायचं, पण स्वच्छ. आज लालभडक, गढूळ. मान वर केली तर काठावरचा पळस आमच्या बाजूला कलला होता. सकाळी तो सरळ होता. तेवढ्यात समोरून म्हातारीच्या हाका आल्या, बाहेर निघा म्हणून, आणि ती शेळ्या घेऊन शाळेकडे निघालीसुद्धा.

बाबा छपरीत बाजेवर निवांत पडले होते. उठायला तयार नाहीत.

"दगड कधी हलते का?" म्हणाले. "हलते ते मातीचं घर. हे पक्कं हाय."

मी पाणी दाखवलं, झाड दाखवलं, शाळेत शिकवते ते सगळं सांगितलं. ते पोरांना सांग म्हणाले. हात धरून ओढलं तर त्यांनी हात सोडवून घेतला. खरं सांगते, इतका संताप आला की बाजेसकट उचलून रस्त्यावर टाकावंसं वाटलं. पण शब्द संपले होते. मग मी त्यांच्या पायाशी, बाजेवर बसले.

"मंग मी बी इथंच बसते," म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं, तुले जीव नको झाला का?"

कड्याकडे पाठ करून बसून राहिले. दोन क्षण गेले असतील. बाबा उठले, चप्पल न घालता, आणि माझं मनगट धरून मलाच ओढत बाहेर निघाले.

शाळेच्या व्हरांड्यात पोचलो आणि आवाज आला. ट्रकमधून मुरूम ओतावा तसा, पण थांबेचना. पाहिलं तर घराचा पुढचा भाग जसाच्या तसा उभा, मागचा नाहीच. छपरी, बाज, कुदळ सगळं दगडाखाली. माणूस मात्र एकही नाही, शेळीसुद्धा नाही. मला हसू येत होतं, वेड्यासारखं. वाचलो, वाचलो, एवढंच म्हणत होते. म्हातारीनं मला धरून खाली बसवलं.

बाबा भिंतीला टेकून पडलेल्या घराकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "मी उठलो नसतो तं तू खरंच बसून राह्यली असती?"

मी हो म्हणाले. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. तिथं बसल्या बसल्या माझे पाय दाराकडेच वळलेले होते.

"खोटं बोलून राह्यली," बाबा म्हणाले. मग आपल्या खांद्यावरचा ओला दुपट्टा पिळून ते माझं डोकं पुसायला लागले, लहानपणी पुसायचे तसं, जोरजोरात.